घाईतला आवाज

स्टँडवर तिला नावाने कोणी हाक मारत नसे. ड्रायव्हर, कंडक्टर, हमाल, कँटीनवाली, सगळे तिला माईकबाई म्हणायचे आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. नाव काय, कोणाचंही काहीही असू शकतं. माईक मात्र तिच्या एकटीच्या हातात होता. पहिल्या मजल्यावर, सगळ्या फलाटांच्या बरोबर समोर, काचेची एक केबिन होती. तिथे बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली सुटते आहे आणि कुठली आज येणारच नाही, हे ती सगळ्या स्टँडला सांगायची. नोकरीला लागली तेव्हा लग्न व्हायचं होतं, आता लेक कमावती झाली होती. तेवढ्या काळात गाड्यांचे रंग बदलले, कंट्रोलर बदलले, आवाज तेवढा तोच राहिला.

तो आवाज गोड वगैरे मुळीच नव्हता. थोडा जाडाच होता, आणि घरात रागावली की शेजारच्यांना कळायचं. पण तिला एक गोष्ट साधली होती. ‘बंदराकडे जाणारी गाडी’ एवढं म्हणून ती थांबायची. त्या थांबण्यात लोक पिशव्या उचलायचे, पोराचा हात धरायचे, तोंडातला घास गिळायचे. मग ती फलाटाचा आकडा सांगायची. मध्येच कोणी म्हातारं माणूस बोचकं सावरत चुकीच्या दिशेने निघालेलं दिसलं, तर तेच वाक्य पुन्हा, आणखी सावकाश. एवढंच तिचं कसब. हे कोणी तिला शिकवलं नव्हतं आणि कोणी कधी त्याचं कौतुकही केलं नाही, कारण गाडी मिळालेला माणूस माईकवालीचे आभार मानायला वर थोडाच येतो.

केबिनचा एक नियम होता: बोलताना पंखा बंद. माईकमध्ये पंख्याची घरघर शिरायची आणि खाली सगळ्यांना वाटायचं की गाडी सुरू झाली. खिडक्याही कायमच्या बंद, त्यांच्या फटीत जाड कापडाच्या पट्ट्या ठोसलेल्या. बाहेर इंजिनांचा गोंगाट, आत काचेचा डबा. इतकी वर्षं त्या डब्याचा तिला कधी त्रास झाला नव्हता. उलट, स्वयंपाकघर सोडलं तर जगात आपल्या मालकीची हीच एक खोली आहे असं ती म्हणायची.

सुरुवात घामाने झाली. बाहेर लोक स्वेटर घालून फिरत होते आणि केबिनमध्ये माईकबाई घामाने निथळत होती. पंखा बंद करायचा, एक वाक्य बोलायचं, पंखा चालू करायचा, की लगेच दुसरी गाडी. शेवटी तिने पंखा बंद करणं सोडून दिलं आणि खालून तक्रार आली. मग ती घाईघाईने बोलू लागली, म्हणजे पंखा लवकर लावता येईल. निदान ती स्वतःची समजूत तशी घालत होती. खरं म्हणजे तिला सावकाश बोलताच येत नव्हतं. छातीत कोणीतरी सारखं दार ठोठावत असायचं, आणि वाक्याच्या मधला तो थांबा आला की ते ठोठावणं तिला इतकं मोठ्याने ऐकू यायचं, की ती थांबा गिळून थेट आकड्यावर उडी मारायची.

घरी तर वेगळंच रामायण. रात्री ती पंखा मोठा करायची, लेक तो बारीक करायची, नवरा पांघरुणात तोंड खुपसून मूग गिळून पडायचा. जेवायला बसली की ती दुप्पट जेवायची आणि तरी कपडे अंगावर लोंबू लागले. बोटातली अंगठी भांडी घासताना मोरीत गेली. हात असे थरथरायचे की चहाचा कप बशीवर वाजायचा. आणि राग म्हणजे विचारू नका. एकदा टॉवेल ओला ठेवला म्हणून तिने नवऱ्याचे सगळे कपडे जिन्यावर नेऊन टाकले. टाकल्यावर तिथेच पायरीवर बसून रडली.

नवरा पाणीपुरवठ्यात मीटर रीडर होता. घरोघरी जाऊन मीटरचे आकडे टिपायचे, एवढ्यावर त्याचं आयुष्य गेलं होतं आणि आकड्यावर त्याची श्रद्धा होती. माणूस सज्जन. बायकोचं काहीतरी बिनसलंय हे त्याला कळत होतं, म्हणून तोच तिला गल्लीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी लक्षणं ऐकली, म्हणाले, “थायरॉइड वाटतंय, एक टेस्ट करून बघू.” रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी नवरा रिपोर्ट घेऊन आला, आकडा हद्दीत आहे याची स्वतः दोनदा खात्री केली आणि हसत सांगितलं, “नॉर्मल आहे. सगळं नॉर्मल आहे.”

हा शब्द काढणाऱ्याला एकदा समोर उभं करून चार गोष्टी सुनावल्या पाहिजेत. आपल्याकडे ‘नॉर्मल’ म्हटलं की विषय संपतो. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आजार नाही. आजार नाही आणि तरी बाई घाम पुसतेय, धडधडतंय म्हणतेय, आदळआपट करतेय, म्हणजे मग उरलं काय? एक तर वय, नाही तर स्वभाव. जाऊ म्हणाली, “वयाचंच असणार, मलाही झालं होतं, सहन करायचं.” डॉक्टर म्हणाले, “टेन्शन घेता तुम्ही,” आणि मन शांत राहायची गोळी लिहून दिली. ती घेतली की माईकबाईला झोप यायची, पण झोपेतही छाती धावत असायची. पुढच्या वर्षी परत तीच टेस्ट, परत नॉर्मल. त्याच्या पुढच्या वर्षीही. नवऱ्याने ते रिपोर्ट प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवले होते आणि कोणी चौकशीला आलं की कौतुकाने दाखवायचा.

सगळ्यात वाईट हे झालं की तिचाही त्यावर विश्वास बसला. आपण मुळात चांगल्या बाई नव्हतोच, तरुणपणी ते झाकलं गेलं आणि आता उघडं पडलं, असं तिला वाटू लागलं. लेकीवर ओरडून झालं की ती मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारायची आणि आरशातल्या बाईला म्हणायची, “नॉर्मल आहेस ना, मग नीट वाग.” आरशातले डोळे तेवढे मोठे आणि घाबरलेले दिसायचे. केबिनमध्ये काच, घरात आरसा, आणि दोन्हीकडे तिला कोंडून ठेवणारी तीच एक बाई. पळायचं तरी कोणापासून?

त्यातच ती धडकू लागली. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, कधी डावा, कधी उजवा. कँटीनमधल्या टेबलाचे कोपरे कमरेला बसायचे. दोन्ही दंडांवर काळेनिळे डाग पडले. एक दिवस कँटीनवालीने तिला बाजूला घेतलं आणि आवाज बारीक करून विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना? हात वगैरे उगारतात का ते?” माईकबाई आधी हसली. मग तिला नवऱ्याचा तो गरीब चेहरा आठवला, ओल्या टॉवेलसकट जिन्यावरून कपडे गोळा करणारा, आणि ती म्हणाली, “अगं, उगारलाच कोणी तर मीच उगारेन.” ही गंमत तिने घरी सांगितली. नवरा हसला नाही. त्या दिवसापासून तो रस्त्याने चालताना तिच्यापासून हातभर लांब चालू लागला, लोकांना उगाच काही वाटायला नको म्हणून.

स्टँडवर तक्रारी वाढल्या. घाईने बोलते ही जुनी तक्रार होतीच, आता नवी निघाली. पहिल्या आणि शेवटच्या फलाटाला लागलेल्या गाड्यांची ती घोषणाच करत नव्हती. मधल्या सगळ्या गाड्या बरोबर सांगायची, पण टोकाच्या दोन फलाटांवर गाडी येऊन उभी राहायची, रिकामीच सुटायची, आणि खाणीकडे जाणारे लोक बाकावर शेंगदाणे खात बसलेले असायचे. धरणाच्या गाडीवरचा कंडक्टर, ज्याला सगळे शिट्टी म्हणायचे, तो एकदा जिना चढून वर आला.

“बाई, एक विचारू? पहिल्या आणि शेवटच्या फलाटाशी तुमचं काही वैर आहे का?”

“तुमचीच गाडी उशिरा लागते.”

“गाडी मगापासून उभी आहे. मी खालून हात करतोय, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि तुम्ही आपल्या समोर बघताय, फोटो काढायला बसल्यासारख्या.”

माईकबाईने मान वळवली. गाडी खरंच उभी होती. मान वळवेपर्यंत नव्हती आणि वळवल्यावर होती. पण ते शिट्टीला कशाला सांगायचं? तिने पंखा बंद केला आणि घोषणा केली. त्यानंतर ती प्रत्येक वाक्याआधी मान इकडून तिकडे फिरवून बघू लागली. त्यात आणखी वेळ जायचा, मग आणखी घाई. वर कंट्रोलरसाहेब म्हणाले, “बाई, लक्ष नाही तुमचं. चौकशीच्या खिडकीवर बसवू का थोडे दिवस?” चौकशीची खिडकी म्हणजे जाळीमागचं एक भोक होतं. तिथे बसलेल्या माणसाचा आवाज समोर उभ्या असलेल्यालाही नीट ऐकू जात नसे. तिने हात जोडले. म्हणाली, “साहेब, मला वरून काढू नका. मी लक्ष देईन.”

गळ्याची गाठ लेकीने पाहिली. ती एका फोटो स्टुडिओत काम करायची. आईच्या नोकरीच्या ओळखपत्राचा फोटो काढायचा होता, म्हणून तिने आईला स्टुलावर बसवलं, दिवे लावले आणि म्हणाली, “आई, हनुवटी वर कर. अजून थोडी.” मग तिने कॅमेरा खाली घेतला. “आई, तुझ्या गळ्याला हे काय झालंय?” गळा पुढून सुजला होता, आणि आवंढा गिळला की ती सूज वर-खाली व्हायची. घरात कोणाच्या लक्षात आली नव्हती. रोज बघणाऱ्याला काय दिसणार?

या वेळी लेक बापाचं काही न ऐकता आईला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली. तिथे सगळ्या टेस्ट झाल्या, आणि इतकी वर्षं जी टेस्ट कोणी केलीच नव्हती तीही झाली. गळ्यातली ग्रंथी भलतीच जोरात काम करत होती. आत गाठीही होत्या. गोळ्या सुरू झाल्या आणि ऑपरेशन करून ती ग्रंथी काढून टाकायचं ठरलं. माईकबाईला त्या दिवशी जे वाटलं, त्याला आनंदच म्हणावं लागेल. म्हणजे आजार होता तर. आपण वाईट नव्हतो. सर्जन मात्र स्वभावाने सावध होते. त्यांनी समोर बसवून सांगितलं, “या ग्रंथीला लागूनच आवाजाची नस जाते. आम्ही जपतोच. पण कधी कधी आवाज बसतो. क्वचित कायमचा.”

“माझं काम आवाजाचं आहे, डॉक्टर.”

“म्हणूनच आधी सांगितलं.”

म्हणजे एका दारातून सुटायचं तर दुसरं बंद होणार. नाही म्हणावं तर ही धडधड, हा घाम, ही घाई जन्मभर. हो म्हणावं तर आवाज गेला की चौकशीची खिडकी. ती घरी आली आणि संध्याकाळपर्यंत पंख्याखाली बसून राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, “अहो, करून टाकू. असं जगण्यापेक्षा घोगरं जगलेलं बरं.” नवऱ्याने मान हलवली. त्याला बोलायचं होतं, पण तोंडून ‘नॉर्मल’ निघेल या भीतीने तो हल्ली कमीच बोलायचा.

ही बातमी कंट्रोलरसाहेबांना कळली आणि त्यांना एक कल्पना सुचली. साहेब मनाने वाईट नव्हते. म्हणाले, “बाई, देव करो आणि काही न होवो. पण आवाज जायच्या आधी भरून ठेवू या का? मशीन आणतो. तुम्ही सगळ्या गाड्या, सगळे फलाट एकदा बोलून ठेवा. पुढे तुमचाच आवाज वाजेल.” तिला भरून आलं. इतक्या वर्षांत कोणी तिच्या आवाजाला जपून ठेवायची वस्तू म्हटलं नव्हतं. मग दुपारची वर्दळ कमी झाली की केबिनचं दार लावून, पंखा बंद करून, ती मशीनसमोर बसायची आणि बोलायची. बंदर, धरण, खाण, गिरणी, जुन्या पुलावरून जाणारी, न जाणारी. घाम डोळ्यांत उतरायचा, छाती धावायची, आणि ती छातीच्या पुढे पळत एकामागून एक वाक्यं सोडायची. मशीनवाला म्हणाला, “जरा सावकाश घेता का?” ती म्हणाली, “घेतेय की.” तिला खरंच तसं वाटत होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती भरती झाली. सर्जन तपासायला आले. त्यांनी गळा चाचपला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. गोळ्यांनी सूज कमी व्हायला हवी होती, ती वाढली होती. तेवढ्यात माईकबाईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. डॉक्टरांनी उद्याचं उद्या करून टाकावं, पुढे ढकलू नये, तिला कामावर जायचंय, तिच्या जागेवर लोक टपलेत.

“म्हणे मी लक्ष देत नाही. म्हणे पहिला आणि शेवटचा फलाट मला दिसत नाही.”

सर्जन दारापर्यंत गेले होते, ते परत आले. “दिसत नाही म्हणजे?”

“म्हणजे मी बघत नाही म्हणे. वैर आहे म्हणे माझं. कंडक्टर आहे एक आमचा, त्याला काय, जिभेला हाड नाही.”

“मधले फलाट दिसतात?”

“स्वच्छ.”

सर्जननी खुर्ची ओढली आणि तिच्या अगदी समोर बसले. म्हणाले, “माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. मी हात बाजूला धरतो. बोटं हललेली दिसली की सांगा.” तिने नाकाकडे बघायला सुरुवात केली. नाक मोठं होतं आणि शेंड्यावर चष्म्याचा वळ होता. ती बघत राहिली. नवरा कॉटच्या पायाशी उभा होता, त्याचा चेहरा का कोण जाणे पांढरा पडत चालला होता. बराच वेळ झाला तशी तिची चिडचिड झाली.

“हलवा ना बोटं, डॉक्टर.”

“मी मगापासून हलवतोय,” सर्जन म्हणाले.

ऑपरेशन रद्द झालं. तिने फार आरडाओरडा केला. मनाची तयारी करून, आवाजावर पाणी सोडून ती इथवर आली होती, आणि आता हे म्हणतात आधी डोक्याचा फोटो काढू. त्यांनी तिला एका नळकांड्यासारख्या मशीनमध्ये सरकवलं. नाकासमोर वीतभर जागा, कानाशी हातोडे, आणि हलायचं नाही. तिने डोळे मिटून घेतले. आत ती देवाचं नाव घेईल असं लेकीला वाटलं होतं. तिने नंतर सांगितलं की ती गाड्या म्हणत होती, आणि तिथेही घाईच होत होती.

फोटो आला. डोक्यात, डोळ्यांच्या मागे, पीयूष ग्रंथीवर एक गाठ होती. सर्जननी नवऱ्यालाही बसवून घेतलं आणि समजावून सांगितलं. गळ्यातल्या ग्रंथीचा काही दोष नव्हता. तिला वरून हुकूम सुटत होते, काम कर, आणखी काम कर, आणि ती बिचारी करत होती. हुकूम सोडत होती ती वरची गाठ. तीच वाढत वाढत डोळ्यांच्या नसांवर चढून बसली होती, म्हणून दोन्ही बाजूंचं दिसायचं बंद झालं होतं. कोणी झापडं बांधावीत तसं.

“पण साहेब, ती टेस्ट नॉर्मल होती,” नवरा म्हणाला. त्याने प्लास्टिकचं पाकीट मांडीवर धरलं होतं. “दर वर्षी नॉर्मल.”

“ती टेस्ट वरच्या हुकुमाची. तुम्ही पाणीखात्यात आहात ना? घरातली टाकी भरून वाहतेय, पाणी जिन्यावरून खाली चाललंय. अशा वेळी नळ कसा असायला हवा?”

“बंद.”

“आणि तुम्ही जाऊन बघितलंत तर नळ नेहमीसारखा चालू आहे. त्याला नॉर्मल म्हणाल?”

नवरा पाकिटाची कडा बोटांनी सरळ करत राहिला. मग सगळ्यांसमोर, सर्जनसमोर, लेकीसमोर, त्याने बायकोचा हात हातात घेतला, जे त्याने लग्नानंतर चारचौघांत कधी केलं नव्हतं. म्हणाला, “मी आकडा बघत बसलो. तुझ्याकडे बघितलंच नाही.” माईकबाई चिडेल असं लेकीला वाटलं. ती चिडली नाही. इतका वेळ तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात म्हणावीशी वाटत होती, की ते जिन्यावरचे कपडे, ती आदळआपट, तो लेकीवरचा आरडाओरडा, ते सगळं आपण नव्हतो. निदान सगळं नव्हतो.

आधी इंजेक्शनं झाली, मग नाकातून वाट काढून ती गाठ काढली. गळ्याला सुरी लागलीच नाही. काही दिवस नाकात बोळे होते, त्यामुळे ती बोलायची ते कोणाला कळत नव्हतं आणि घरात बऱ्याच काळाने शांतता होती. हळूहळू हातांची थरथर गेली. बाजूचं जग परत येऊ लागलं, आधी धुरकट, मग बऱ्यापैकी. डावीकडचा एक काठ तेवढा अंधुक राहिला. आणि एका संध्याकाळी ती उठली, पंखा बंद केला आणि म्हणाली, “गारठा आहे नाही आज?” नवरा आणि लेक एकमेकांकडे बघत बसले. लेकीने पांघरूण आणून आईच्या पायावर टाकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

आवाज परत आला तो पहिलाच होता. जाडा, सावकाश. घरात कोणी नसताना तिने म्हणून पाहिलं, ‘बंदराकडे जाणारी गाडी’, आणि थांबली. छातीत कोणी ठोठावत नव्हतं. तो थांबा इतका मोकळा होता की तिला त्यात बसून राहावंसं वाटलं.

रजा संपली त्या दिवशी ती लवकरच स्टँडवर गेली. फाटकातून आत शिरतानाच तिने तो आवाज ऐकला. भोंग्यातून एक बाई धापा टाकल्यासारखी बोलत होती. खाणगाडीफलाटपहिला, गिरणीगाडीफलाटशेवटचा, शब्दांना शब्द चिकटलेले, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. माईकबाईच्या अंगावर काटा आला. तिला वाटलं, कोण ही, हिला कोणी तरी थांबवा. आणि मग कळलं.

ऑफिसात कंट्रोलरसाहेब तिला बघून मनापासून खूष झाले. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, तब्येत विचारली. मग थोडे अवघडले.

“काय आहे बाई, मशीन बसवलंय आता. इथूनच बटण दाबलं की झालं. पहिला, शेवटचा, एकही फलाट चुकत नाही.”

“साहेब, तो माझा आवाज नाही.”

“असं कसं? तुमचाच आहे. मी समोर होतो.”

“मी आजारी होते तेव्हाचा आहे तो. मला बरं वाटतंय आता. परत भरू या. नाही तर मला बसू द्या वर.”

“लोकांना सवय झाली हो,” साहेब म्हणाले. “तक्रार एक नाही. आणि वरून मंजूर होऊन आलंय. तुम्ही चौकशीच्या खिडकीवर बसा, आराम आहे तिथे. वर तुमचा आवाज आहेच की.” त्यांना खरंच वाटत होतं की आपण तिचा मान राखतोय. तिला ते दिसत होतं, म्हणून तिला भांडताही येईना. पूर्वीची असती तर टेबल उलटं केलं असतं. आता ती नॉर्मल होती.

ती बाहेर आली आणि फलाटांसमोर उभी राहिली. इतकी वर्षं तिने हे सगळं वरून पाहिलं होतं. इथून पाहिलं तर लोक पळत होते. गाडी सुटायला भरपूर अवकाश होता, ड्रायव्हर खाली उभा राहून कानात काडी घालत होता, आणि तरी भोंगा वाजला की माणसं घाबरून उठायची, पिशव्या ओढायची, पोरांना ओरडायची. एक म्हातारी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धावत शेवटच्या फलाटाकडे निघाली होती. तिची एक चप्पल मागे राहिली. माईकबाईने ती चप्पल उचलली, चार पावलांत म्हातारीला गाठलं आणि तिच्या दंडाला धरलं.

“दमानं घ्या, आजी. गाडी उभी आहे. वेळ आहे पुष्कळ.”

“अगं, ती बाई बोंबलतेय ना वरून. सुटली म्हणून.”

“तिचं मनावर घेऊ नका. तिला बरं नाही.”

म्हातारीने चपलेत पाय सरकवला. तिला श्वास लागला होता. भोंग्यातली बाई पुन्हा सुरू झाली होती, धरण, बंदर, खाण, एकात एक अडकलेले. म्हातारीने मान वर करून थोडा वेळ ऐकलं आणि तिला कळवळा आल्यासारखा झाला.

“बरं नाही तर घरी का सोडत नाहीत गं तिला?”

माईकबाईने वर पाहिलं. काचेच्या केबिनमध्ये दिवा लागलेला होता, पंखा बंद होता आणि आत कोणी नव्हतं.